रुमालाखालचा भाव

अण्णा आहेर आकडा तोंडानं कधी बोलत नसत. वय असो, पगार असो, घड्याळातली वेळ असो की कॅन्टीनमध्ये किती चहा सांगायचे ते असो, आकडा आला की अण्णांचं तोंड मिटायचं. मग ते खिशातून चौकड्यांचा भला मोठा रुमाल काढत, समोरच्याचा हात धरून त्यावर पसरत आणि रुमालाखाली त्याची बोटं दाबून काय ते सांगत. एकदा तापानं फणफणले असताना डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून आहे ताप?" अण्णांनी डॉक्टरांचाच हात धरला. डॉक्टरांना वाटलं, पेशंट आपली नाडी बघतोय. शहर बसच्या एका कंडक्टरनं तर "हात सोडा, हात सोडा" असा ओरडा करून बस थांबवली होती. टाइम ऑफिसमधल्या बाईंच्या बाबतीत मात्र अण्णा मर्यादा पाळत. त्यांच्या टेबलावर पेन्सिलीनं टकटक करत, त्यांनी मोजून घ्यायचं.

ही सवय चांदवडची. पूर्वी तिकडच्या बाजारात उघडा लिलाव नव्हता. अडत्या आणि घेणारा समोरासमोर बसत, हातांवर रुमाल टाकत आणि बोटांनी भाव ठरवत. शेजारी बसलेल्याला रुमाल हललेला दिसे, भाव कळत नसे. अण्णा त्या अडतीत लहानाचे मोठे झाले होते, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. बाजार सुधारला, लिलाव उघडे झाले, अण्णा नाशकात येऊन अंबडच्या कारखान्यात लागले, पण रुमाल काही सुटला नाही. "आकडा बोलला की उघडा पडतो," असं ते म्हणत. म्हणून मीही इथं आकडे फारसे सांगणार नाही. अण्णांना आवडलं नसतं.

कारखान्यात ते इन्स्पेक्शनला होते. म्हणजे तयार झालेला प्रत्येक भाग मापून बघायचा आणि जरा कमीजास्त असला की त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका लागला की माल परत. अण्णांचा ब्रश कधी वाळलेला कुणी पाहिला नाही. मशीनवरचे कामगार त्यांना तोंडावर अण्णा म्हणत आणि पाठीमागे जे म्हणत ते इथं लिहिता येणार नाही. कौतुक हा प्रकार त्यांच्याकडे नव्हताच. फार खूश झाले तर म्हणत, "बरं हाय." हे ऐकायला लोक वर्ष वर्ष थांबत.

माणसांनाही ते कांद्यासारखंच निवडत. मॅनेजरसाहेबांचा भाचा कामावर लागला तेव्हा त्याला वरून खालपर्यंत बघून म्हणाले, "गोल्टी." गोल्टी म्हणजे बारका, बाजारात मागं पडणारा कांदा. खरेदी विभागातला सबनीस म्हणजे डेंगळा. वर तुरा, आत पोकळ. मी एकदा मोठ्या हौसेनं विचारलं, "अण्णा, मी कोण?" अण्णांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "तुम्ही जोड कांदा. दिसायला मोठा. सोलला की आत जोडी निघते, तीही अर्धवट." मला हे अजून लागतं, कारण ते खरं आहे.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, ते विचारलं की चिडत. एकदाच, कंपनीच्या बसमध्ये, आपणहून बोलले होते. म्हणाले, "मुलगी बघायला जायचं, पोहे खायचे आणि मग घरी येऊन नको म्हणून कळवायचं. हे आपल्याला जमायचं नाय. बघितली की घ्यायची, नायतर बघायचीच नाय." आम्ही खूप हसलो. दिवसभर लोखंडावर लाल ठिपके देणारा माणूस पोरीला नको म्हणू शकत नाही, हे आम्हाला फार विनोदी वाटलं. आमची अक्कल तेव्हा एवढीच होती.

आता आमच्या कागदी बास्केटबॉलबद्दल सांगतो. ही ऐंशीनंतरची गोष्ट. ड्रॉइंग सेक्शनमधल्या देशमुखचा मेव्हणा अमेरिकेहून सुट्टीवर आला होता. तिकडे म्हणे ऑफिसातले लोक खरे खेळाडू कागदावर वाटून घेतात, आपापल्या टीम बनवतात, खरा खेळाडू मैदानात जेवढे पॉइंट करील तेवढे आपल्या कागदी टीमला मिळतात. घाम त्याचा, करंडक आपला. ही कल्पना आमच्यासारख्यांना न आवडती तरच नवल. गावात एका शाळेच्या मैदानावर सिमेंटचं कोर्ट होतं. तिथं दर हिवाळ्यात शहरातल्या क्लबांची लीग चाले, रविवारी संध्याकाळी. आम्ही सहा जणांनी त्या क्लबांतले खेळाडू वाटून घ्यायचे ठरवले. प्रत्येकाला पाच. खरी लीग संपत आली की आमच्यातले वरचे चार सेमीला, मग फायनल. करंडक टूलरूममध्ये पितळेचा बनवला. तो एका भल्या मोठ्या बुशातून, म्हणजे पितळी नळकांड्यातून, कातला होता, आणि तो बुश अण्णांनीच ठिपका देऊन परत पाठवलेला होता. करंडकाच्या बुडाशी लाल रंग शेवटपर्यंत राहिला.

खेळाडू वाटायचे कसे यावर वाद झाला. चिठ्ठ्या टाकू म्हणाले कुणी. तोपर्यंत अण्णा गप्प जेवत होते. त्यांनी डबा झाकला, हात धुतले आणि टेबलावर रुमाल पसरला. म्हणाले, "लिलाव करू. रीतसर."

बोली लावायला प्रत्येकाला कॅन्टीनची चहाची कूपनं सारखी वाटली. एकेका खेळाडूचं नाव पुकारायचं आणि प्रत्येकानं रुमालाखाली हात घालून अण्णांना आपली बोली सांगायची. अण्णा स्वतःही बोली लावणारच होते. मग अडत्यानंच माल घ्यायचा म्हणजे लबाडी आलीच, असं सबनीस म्हणाला. अण्णांनी त्यावर उपाय काढला. प्रत्येक नावाला आधी ते स्वतःचे दोन्ही हात रुमालाखाली घालत आणि डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं दाबत. चेहरा तोच, आंबट. मग बाकीच्यांचे हात. कुणी बघितलं नाही, कुणी तपासलं नाही, आणि शेवटी अण्णा सांगत तोच मालक. नवल म्हणजे सबनीससुद्धा पुढे कधी काही बोलला नाही. या माणसाला खोटं बोलता येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

देशमुखची मात्र फजिती झाली. त्याला एका उंच पोरासाठी दोन कूपनं लावायची होती. त्यानं दोन बोटं दाबली. पण अण्णांच्या रीतीप्रमाणे त्या घडीला दराची पायरी दहा-दहाची चालली होती, म्हणजे दोन बोटं म्हणजे वीस. देशमुखची जवळजवळ सगळी कूपनं त्या पोरात गेली. पोरगा नुसता उंच होता, बॉल हातात आला की घाबरायचा. देशमुख काकुळतीला आला, "अण्णा, चूक झाली, परत घ्या." अण्णा म्हणाले, "रुमालाखाली बोट धरलं की संपलं. वांधा काढायचा नाय."

हे त्यांचं पालुपद. बाजारात लिलाव झाला, गाडी व्यापाऱ्याच्या खळ्यावर गेली, कांदा ओतला आणि मग व्यापारी कुरकुरायला लागला की माल आतून खराब आहे, परत न्या, त्याला वांधा काढणं म्हणतात. अण्णांना या गोष्टीचा भारी तिटकारा. घेताना डोळे कुठं गेले होते, असं विचारत. कारखान्यात कुणी नवी सायकल घेऊन रडायला लागला, कुणी बदलीची तक्रार करायला लागला, कुणी बायकोबद्दल बोलायला लागला, तरी अण्णांचं एकच. वांधा काढायचा नाय.

लिलावात शेवटी पगारेचं नाव निघालं. पगारे आमच्याच मशीन शॉपमध्ये लेथवर होता. कामगार वसाहतीत राहायचा. एके काळी म्हणे त्याचा शॉट बघायला लोक देवळाली कॅम्पाहून येत. आता चाळिशीकडे झुकलेला, गुडघा कुरकुरणारा. त्याच्या क्लबात तो अजून होता, इतकंच. नाव पुकारलं तेव्हा तो पलीकडच्याच टेबलावर जेवत बसला होता. कुणीही रुमालाकडे हात नेला नाही. मीही नाही. पगारेनं मान वर केली नाही, भाकरीचा तुकडा मात्र हातात तसाच राहिला.

अण्णांनी रुमालाखाली हात घातले आणि बराच वेळ आपलीच बोटं दाबत बसले. मग म्हणाले, "पगारे माझा."

"अण्णा, उतरता माल आहे," सबनीस हळूच म्हणाला.

"उन्हाळ कांदा हाय," अण्णा म्हणाले. "टिकतो."

आम्ही कूपनं मोजली तेव्हा अण्णांकडे एकही शिल्लक नव्हतं. कुणीच बोली न लावलेल्या माणसासाठी त्यांनी उरलेली सगळी ओतली होती. याला आम्ही वेडेपणा म्हटलं. नंतर जेवणाच्या सुट्टीत त्यावर विनोद करायला ते बरं पडलं.

माझी टीम पहिल्याच महिन्यात तळाला गेली, म्हणून मला पंच केलं. हरलेल्याला पंच करायचं ही आपल्याकडची जुनीच पद्धत आहे. खरी मॅच झाली की स्कोअररकडून पॉइंट उतरून घ्यायचे आणि सोमवारी कॅन्टीनमध्ये सांगायचे, हे माझं काम. अण्णा मला "पंचबुवा" म्हणू लागले.

नियमाप्रमाणे दर रविवारनंतर आपला एखादा खेळाडू ढिगात टाकून दुसरा उचलता येत असे. सबनीसचं या कामात डोकं अफाट. खरेदी विभागात तो दिलेल्या ऑर्डरी रद्द करण्यातच तरबेज होता. दर सोमवारी तो एकाला टाकायचा, एकाला उचलायचा. सेमीपर्यंत त्याच्या मूळच्या पाचांतला एकच उरला होता. अण्णांनी एकदाही अदलाबदल केली नाही. म्हणून शेवटी आम्ही एक नियम घातला, थोडा चेष्टेनंच, की बरोबरी झाली तर ज्यानं कमी अदलाबदल केली त्याला करंडक. अण्णा म्हणाले, "बरं हाय."

मॅचला ते वेळेवर येत. कोर्टाच्या कठड्यावर एका ठरलेल्या जागी बसत, शेंगदाणे खात आणि सगळ्यांना नावं ठेवत. पण हाफटाइमची शिट्टी झाली की उठत. मॅच कितीही रंगात असो, रुमाल झटकून सायकलवर टांग मारत आणि पंचवटीकडे चालू लागत. "अण्णा, अर्धी मॅच राहिली!" असं ओरडलं तर म्हणत, "अर्ध्यात माल कळतो." आम्ही यावर फार डोकं चालवलं. देशमुख म्हणे कीर्तनाला जात असतील. सबनीस म्हणे नदीपलीकडे कुणी बाई असणार. एकट्या माणसाबद्दल बोलताना लोक किती हलके होतात, आणि आम्ही त्यातलेच.

पगारे त्या हिवाळ्यात बरा खेळला. कुणाला वाटलं नव्हतं. दर सोमवारी मी पॉइंट सांगायचो तेव्हा तो दुरून ऐकायचा आणि अण्णा मुद्दाम त्याच्याकडे न बघता म्हणायचे, "टिकतो म्हणलं होतं ना." पण सेमीच्या दिवशी तो उडी मारून खाली आला तो गुडघ्यावरच. दोघांनी धरून बाहेर नेला. अण्णा उरलेल्या चौघांच्या जोरावर कसेबसे फायनलला पोचले. समोर सबनीस.

फायनलआधीच्या सोमवारी शेवटची अदलाबदल होती. पगारे खेळणार नाही हे पोरासोरांना कळत होतं. आमच्यातल्या बाद झालेल्या एका कागदी टीममधला एक चांगला तरणा खेळाडू ढिगात होता. अण्णांनी फक्त नाव सांगायचं, करंडक त्यांचाच. आम्ही सगळे त्यांच्याभोवती बसलो. खरं सांगतो, सबनीसनं जिंकू नये असं प्रत्येकाला वाटत होतं.

अण्णा डबा खात राहिले. तेवढ्यात पगारे लंगडत आला. अंगात तेलकट डगला, गुडघ्याला पट्टी.

"अण्णा, डॉक्टर म्हणला, महिनाभर उडी मारायची नाही. मला काढा तुम्ही. दुसरा घ्या."

"तुला विचारलं का कुणी?"

"विचारलं नाही, पण मी सांगतो ना. मला वाईट नाही वाटणार."

"मालानं बोलायचं नसतं," अण्णा म्हणाले.

पगारेचा चेहरा बदलला. "मी माल नाही, अण्णा," तो म्हणाला. मोठ्यानं नाही, पण सगळ्या टेबलांना ऐकू गेलं. "आमच्या बापजाद्यांना लई जणांनी तसं धरलं. तुम्ही नका बोलू."

अण्णांचा घास हातात. त्यांचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता, पार कसनुसा झाला होता. त्यांनी घास डब्यात ठेवला.

"चुकलं," ते म्हणाले. अण्णा आहेर हा शब्द बोलू शकतात हेच आम्हाला माहीत नव्हतं. "चुकलंच. पण तेच सांगतोय ना लेका तुला. लोखंड परत करता येतं. रोज करतो मी. माणूस घरात घेतला की परत धाडायचा नसतो. तू खेळ, नको खेळू, पायरीवर बस. माझ्या टीममध्ये तू राहणार. जा, जेव जा."

सबनीस माझ्याकडे वळून म्हणाला, "पंच, लिहा, बदल नाही." त्याच्या आवाजातली खुशी मला सहन झाली नाही. पण पंचानं सहन करायचं असतं.

रविवारी कोर्टावर नेहमीपेक्षा गर्दी होती. कारखान्यातले निम्मे लोक आले होते, त्यांतल्या बहुतेकांना बास्केटबॉलमधलं काही कळत नव्हतं. पगारे क्लबाचे कपडे घालून बाकावर बसला होता, गुडघ्याला पट्टी बांधून. अण्णांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि शेंगदाण्याचा पुडा सोडला. त्या दिवशीच्या आधीच्या मॅचचे पॉइंट धरून हाफटाइमला अण्णांची चौघांची टीम सबनीसच्या पाचांच्या पुढे होती. थोडीशीच, पण होती. शिट्टी वाजली आणि अण्णा उठले.

"अहो, आज तरी थांबा," मी म्हटलं.

"सांगा उद्या," ते म्हणाले आणि सायकल काढली.

मला त्या वेळी त्यांचा राग आला. आपण ज्याच्यासाठी जीव टाकतो तो माणूस शेंगदाण्याची टरफलं झटकून निघून जातो म्हणजे काय!

दुसऱ्या अर्ध्यात सबनीसनं नव्यानं उचललेला खेळाडू पेटला. हळूहळू सबनीसनं अण्णांना गाठलं, मग मागं टाकलं. शेवटच्या मिनिटांत पगारेच्या क्लबातला एक जण फाउल भरून बाहेर गेला. बाकावर दोन ताजी पोरं होती. पगारे उभा राहिला. कोच नको नको म्हणत होता ते आम्हाला लांबून दिसत होतं. पगारे त्याला काय म्हणाला कोण जाणे, पण तो लंगडत कोर्टात उतरला आणि कारखान्यातली सगळी माणसं ओरडली. त्याला उडी मारता येत नव्हती, पळता येत नव्हतं. तो नुसता रिंगखाली जाऊन उभा राहिला. बॉल त्याच्या हातात आला आणि समोरच्या दांडग्या पोरानं त्याला धडक दिली. शिट्टी. दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता टाकायचे, एकेका पॉइंटचे.

मी कागद बघितला. दोन्ही पडले तर अण्णा आणि सबनीस बरोबरीत, आणि बरोबरीत करंडक अण्णांचा. मी हे शेजारच्याला सांगितलं आणि ते क्षणात सगळीकडे पसरलं. पगारेलाही कळलं असावं. त्यानं पट्टी चाचपली, बॉल दोनदा आपटला. पहिला टाकला तो फळीला लागून आत गेला. दुसरा रिंगवर फिरला. फिरला आणि बाहेर पडला, आणि तेवढ्यात वेळ संपली.

सबनीस उड्या मारत होता. चांगला पोक्त माणूस, दोन पोरांचा बाप, बगलेत फाइल धरून उड्या मारत होता. मला त्याचा मनापासून तिरस्कार वाटला आणि अजूनही वाटतो. पुढे आमचा कारखाना बंद पडला, आम्हा सगळ्यांनाच परत पाठवलेल्या मालासारखं घरी बसवलं, तेव्हा देणी उरकायला मॅनेजमेंटनं ठेवून घेतला तो एकटा सबनीस. जगात डेंगळ्यालाच भाव आहे.

मी निघालो तर पगारे वाटेत उभा. डोळे लाल. म्हणाला, "पंच, अण्णांना तुम्ही आजच जाऊन सांगा. उद्या सबनीससाहेब सांगतील, ते नको."

अण्णांच्या घरी मी कधी गेलो नव्हतो. कुणीच गेलं नव्हतं. पूल ओलांडून पंचवटीत भाजीबाजारामागच्या बोळात विचारत विचारत गेलो. दिवेलागण होत होती. भांड्याच्या दुकानावर दोन खोल्या. दार उघडंच होतं.

आत खाटेवर एक म्हातारा उशांना टेकून बसवलेला होता. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं. अण्णा स्टुलावर बसून त्याला चमच्यानं मऊ भात भरवत होते. कारखान्यातला आंबट चेहरा तसाच होता, फक्त मधूनमधून ते स्वतःही तोंड उघडत होते, लहान मुलाला भरवताना आपण उघडतो तसं.

मला बघून ते दचकले. मग चिडले. "इथं कशाला आलात?"

"निकाल सांगायला."

अण्णांनी म्हाताऱ्याचं तोंड पुसलं, वाटी खाली ठेवली आणि रुमाल काढून माझ्यापुढे हात केला. मी रुमालाखाली त्यांचं एक बोट दाबलं. एकानं हरलो.

अण्णांनी हात काढून घेतला. "म्हणजे जरासंच कमी पडलं."

"हो. पण शेवटचा पॉइंट आला ना, तो पगारेचा. उतरला होता तो. फ्री थ्रो मिळाले."

"उतरला?" अण्णा म्हणाले. "तसल्या गुडघ्यानं?" आणि ते हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. दात चांगले होते त्यांचे. "टिकतो म्हणलं होतं," ते म्हाताऱ्याला म्हणाले, जणू पैज त्याच्याशीच लागली होती.

"हे कोण?" मी विचारलं.

अण्णांनी वाटी परत उचलली. मग भात ढवळत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तात्या. माझे चुलते. चांदवडला यांचीच अडत होती. पोरबाळ नव्हतं, म्हणून मला मांडीवर दत्तक घेतलं, रीतसर, गावजेवण घालून. यांच्याच शेजारी बसायचो अडतीत. रुमालाखाली माझी बोटं धरून शिकवलं सगळं. लय जीव लावला." त्यांनी तात्यांना एक घास भरवला. "मग काकूला दिवस गेले. अंगचा पोरगा झाला."

त्यांनी चमचा वाटीत ठेवला.

"माझा बाप आला गावाहून. हे दोघं ओट्यावर बसले, मधे रुमाल. मी खांबाला धरून उभा. रुमाल हालत होता. बराच वेळ हालला. मग बापानं मान डोलावली आणि मला रिकाम्या गाडीत बसवून परत नेलं. कायकाय ठरलं रुमालाखाली, मला कुणी सांगितलं नाय. बाप न सांगता मेला. यांना विचारायची हिंमत व्हायला मला अर्धं आयुष्य लागलं, आणि झाली तेव्हा यांची जीभ गेलेली. अंगच्या पोरानं सरकारी दवाखान्यात आणून टाकलं, जवळचा माणूस म्हणून माझं नाव सांगितलं आणि गेला तो गेलाच."

"आणि तुम्ही घेऊन आलात."

"मग काय करू? आल्या मालाचा वांधा काढू?" अण्णा खेकसले. मग आवाज उतरला. "रोज याच वेळेला विचारतो. काय भाव झाला होता माझा, तात्या? हात देतो रुमालाखाली. उजवा चालतो त्यांचा. पण रोज वेगळं सांगतात. एखाद दिवशी मी कवडीमोल, एखाद दिवशी अख्ख्या चांदवडचा कांदा येईल एवढा महाग. डोकं राहिलं नाय त्यांचं. मला कळतं ते. तरी विचारतो."

हाफटाइमचं कोडं असं सुटलं. आम्ही काय काय बोललो होतो ते आठवून माझी मान वर होईना. मी निघायला वळलो. पण म्हातारा घशातून काहीतरी आवाज काढू लागला आणि उजवा हात गोधडीवर आपटू लागला. वेळ झाली होती. अण्णांनी माझ्यादेखत करावं की नाही असा विचार केला, आणि मग स्टूल पुढे ओढलं. म्हाताऱ्याच्या हातावर रुमाल पसरला, खाली आपला हात सरकवला.

"बोला तात्या. काय ठरलं होतं?"

रुमाल हलला. मग थांबला. मी वाट बघत उभा होतो. अण्णाही वाट बघत होते. म्हातारा अण्णांच्या तोंडाकडे टक लावून बघत होता आणि त्याच्या वाकड्या तोंडातून लाळ गळत होती. रुमाल काही पुन्हा हलेना.

"किती म्हणतात?" मी हळूच विचारलं.

अण्णांनी मान हलवली. "आकडा नाय सांगत," ते म्हणाले. "सगळा हातच धरलाय. सोडत नायत."

थोड्या वेळानं त्यांना माझी आठवण झाली. नेहमीचा आंबट चेहरा करायचा त्यांनी प्रयत्न केला, तो जमला नाही. "हात गार पडलेत त्यांचे," ते म्हणाले, "ऊब लागते म्हणून धरलाय. बाकी काय नाय." पण हात त्यांनी काढून घेतला नाही. दुसऱ्या हातानं त्यांनी मला जाताना दार ओढून घ्यायची खूण केली.